कोणतं शहर, किती अंतर आणि केव्हा

मुलांजवळ राहायला जायचं असं मनात आलं की घरात पहिली चर्चा शहराची सुरू होते. पुण्यात लेकीजवळ की बंगळूरला मुलाजवळ? तिथली हवा कशी आहे, फ्लॅटचे भाव काय आहेत, पाण्याची काय स्थिती? महिनोन्‌महिने हे बोलणं चालतं आणि दोन प्रश्न त्यात येतच नाहीत. मुलांच्या दारापासून आपलं दार किती अंतरावर असावं? आणि जायचं केव्हा? माझ्या मते शहर हा तिसरा प्रश्न आहे. आधीचे दोन सुटले की तो बराचसा सुटलेला असतो.

आधी 'केव्हा' पाहू. युजीन लिटवाक आणि चार्ल्स लाँगिनो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये उतारवयातल्या स्थलांतराची एक मांडणी केली. त्यांच्या मते निवृत्तीनंतर माणसं साधारण तीन टप्प्यांत घर बदलतात. पहिला बदल निवृत्तीच्या सुमारास होतो. हातपाय चालत असतात, जोडीदार सोबत असतो, म्हणून चांगली हवा आणि निवांतपणा शोधत माणसं दूर जातात. रोजची कामं जड होऊ लागली, विशेषतः जोडीदार गेला, की दुसरा बदल होतो आणि तो मुलांच्या दिशेने असतो. मुलांनाही शुश्रूषा झेपेनाशी झाली की तिसरा, संस्थेकडे जाण्याचा. ही मांडणी अमेरिकेची आहे, पण मुंबईतली नोकरी संपवून कोकणातल्या घरी परतलेली आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथून पुण्याला किंवा ठाण्याला मुलाकडे आलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात सापडतील.

या मांडणीतून मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: दुसरा बदल बहुतेक वेळा घाईत होतो. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, नाहीतर बायपास होते. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून मुलं निर्णय घेतात आणि डिस्चार्ज मिळाला की गाडी थेट त्यांच्या शहराकडे वळते. अशा वेळी घर निवडायला वाव नसतो आणि नव्या जागी ओळखी करायची ताकदही उरलेली नसते. सदुसष्टाव्या वर्षी गेलेला माणूस नव्या भागातली भाजीवाली, औषधांचं दुकान, वाचनालय, बागेतला कट्टा हे सगळं वर्षभरात आपलंसं करतो. ऐंशीव्या वर्षी वॉकर घेऊन आलेल्याला त्या शहरातली एकच खोली कळते. जायचंच असेल तर हातात पिशवी घेऊन बाजारात जाता येतं तोवर जावं, असं मी आग्रहाने सांगेन.

आता अंतर. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉक्टर जे. एच. शेल्डन यांनी तिथल्या वृद्धांची पाहणी करून 1948 मध्ये ती प्रसिद्ध केली. आई-वडील आणि मुलं 'जवळ' राहतात असं केव्हा म्हणायचं यासाठी त्यांनी वापरलेलं माप फार सुंदर आहे. एका घरी रांधलेलं गरम जेवण पुन्हा न तापवता दुसऱ्या घरी नेता आलं पाहिजे, म्हणजे पायी पाचेक मिनिटं. पुढे 1960 च्या दशकात व्हिएन्नातले समाजशास्त्रज्ञ लेओपोल्ड रोझेनमायर आणि एव्हा क्योकाइस यांनी दाखवलं की पुष्कळ वृद्धांना मुलांशी जिव्हाळा हवा असतो, पण एका छपराखाली राहायचं नसतं. सिंगापूरने तर या इच्छेला सरकारी पैशाचं बळ दिलं. तिथे 2015 पासून आई-वडिलांसोबत किंवा त्यांच्या जवळ राहण्यासाठी सरकारी वसाहतीतला फ्लॅट दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्या कुटुंबाला अनुदान मिळतं. 2018 मध्ये त्यांनी 'जवळ' म्हणजे चार किलोमीटरच्या आत असं ठरवलं. त्या वेळी सोबत राहणाऱ्यांना 30,000 आणि जवळ राहणाऱ्यांना 20,000 सिंगापुरी डॉलर देऊ केले होते.

आपल्याकडे मात्र 'जवळ' म्हणजे त्याच घरात किंवा त्याच शहरात, अशा दोनच कल्पना आहेत. दोन्हींत अडचण आहे. कोथरूडमध्ये आई-वडील आणि वाकडला लेक, म्हणजे बोलायला एकच शहर. पण संध्याकाळच्या गर्दीत हेच अंतर तासाभराचं होतं. 'ताप आलाय, येतेस का?' असा फोन करण्याआधी आई दोनदा विचार करते. कामाच्या दिवशी अशा लेकीची भेट होत नाही, ती रविवारीच होते. उलट एकाच घरात राहिलं की स्वयंपाकघरापासून टीव्हीच्या आवाजापर्यंत सगळ्याची वाटणी करावी लागते. सुनेच्या ओट्यावर सासूने डबे हलवले की दोघींनाही वाईट वाटतं आणि त्यात चूक कोणाचीच नसते. सकाळी साडेपाचला उठणारं घर आणि रात्री बारापर्यंत परदेशातल्या ऑफिसशी बोलणारं घर एका भिंतीच्या आत बसवणं अवघडच.

म्हणून त्याच सोसायटीत दुसऱ्या विंगमध्ये, नाहीतर मोठा रस्ता न ओलांडता पायी जाता येईल अशा शेजारच्या सोसायटीत छोटं वेगळं घर घेणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. यासाठी मी एक कसोटी सुचवतो. आठ-नऊ वर्षांचं नातवंड एकटं चालत आजीकडे येऊ शकलं पाहिजे. ते येऊ शकलं तर गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही जाता येईल. स्वतंत्र दार असलं की येणं-जाणं दोघांच्या मर्जीचं राहतं. नात्यात या मर्जीची किंमत फार मोठी आहे.

आता एक दांपत्य डोळ्यांसमोर आणू. सांगलीला विश्रामबागेत राहणारे निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी. मुलगा बंगळूरला, लेक पुण्यात वाकडला स्वतःच्या घरात, तिची मुलगी तिथल्याच शाळेत. मोठ्या शहरात दवाखाने चांगले, म्हणून जायचं, असा त्यांचा पहिला युक्तिवाद असेल. पण सांगलीपासून दहाएक किलोमीटरवर मिरज आहे आणि मिरज हे वानलेस मिशन रुग्णालयाच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून, वैद्यकीय गाव म्हणून ओळखलं जातं. पक्षाघाताच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. विश्रामबागेतून मिरजेला पोचायला लागणारा वेळ आणि महानगरातल्या उपनगरातून मोठ्या रुग्णालयात पोचायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला पाहिजे. तेव्हा या जोडप्याने केवळ दवाखान्यासाठी जायचं कारण नाही. त्यांचं खरं कारण वेगळं आहे. दवाखान्यात नेणारं माणूस जवळ हवं. हे कारण स्पष्ट झालं की शोध बदलतो. रुग्णालयाच्या दर्जाइतकंच त्या माणसाचं रोजचं वेळापत्रक पाहावं लागतं.

मुलगा की मुलगी, हा प्रश्न आपल्या घरांत अजूनही दबक्या आवाजात बोलला जातो. 'मुलीच्या दारात कसं राहायचं' या संकोचापायी कित्येक आया आयुष्याची शेवटची वर्षं भाषा न येणाऱ्या शहरात काढतात. आणि इकडे लेक दोन तासांच्या अंतरावर राहून झुरत असते. कायद्याने हा संकोच केव्हाच मोडीत काढला आहे. विजया मनोहर आरबट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई या महाराष्ट्रातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितलं की विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. जबाबदारी सारखी असेल तर जवळ राहण्याचा अधिकारही सारखाच मानायला हवा. जावई आणि त्याचे आई-वडील यांच्याशी आधी मोकळेपणी बोलून घ्यावं, एवढं पथ्य पाळलं की पुरे. सुनेच्या माहेरचं माणूस त्याच शहरात असेल तर तिच्याशीही हेच बोलणं करावं. तिलाही आई-वडील आहेत आणि त्यांचंही वय होत आहे.

मुलांना विचारायचा प्रश्न आणखी एक आहे आणि आई-वडील तो भिडेपोटी टाळतात: 'तुम्ही इथे किती वर्षं असाल?' आपण घरदार आवरून बंगळूरला जायचं आणि दीड वर्षात मुलाने टोरांटोची ऑफर घ्यायची, हे घडतं आणि त्याला नाही म्हणायला सांगणंही बरोबर नाही. नोकरीवरून अंदाज बांधू नये. घराचं कर्ज आणि नातवंडाची शाळा या गोष्टी कुटुंबाला जास्त घट्ट धरून ठेवतात. नात सातवीत असेल आणि घर स्वतःचं असेल तर ते कुटुंब दहावीपर्यंत तरी बहुधा हलत नाही. भाड्याचं घर आणि दोन वर्षांचं मूल असेल तर काहीच सांगता येत नाही. तेव्हा निदान आपण तिथे घर विकत घेण्याची घाई करू नये.

यापेक्षाही कठीण प्रश्न नवरा-बायकोने एकमेकांना विचारायचा असतो. आपल्याकडे नवरा बहुधा वयाने मोठा असतो आणि स्त्रिया सरासरीने जास्त जगतात. म्हणजे नव्या शहरातली शेवटची पाच-दहा वर्षं बहुतेक घरांत बायकोला एकटीने काढायची आहेत. तरीही शहर निवडलं जातं ते नवऱ्याच्या सोयीने: त्याचा भाऊ तिथे आहे, त्याचे जुने सहकारी तिथे आहेत. सांगलीतल्या त्या बाईंची भिशी, त्यांचं भजनी मंडळ, समोरच्या वहिनी हे कोणाच्या हिशेबातच येत नाही. माझं मत ठाम आहे: जो मागे राहण्याची शक्यता जास्त, त्याच्या दृष्टीने गाव निवडावं. तिला बँकेत एकटीने जाता येईल का? रिक्षावाल्याशी, नर्सशी, खालच्या सिक्युरिटीवाल्याशी तिला बोलता येईल का? मिरज-जत भागातल्या बाईच्या कानाला कानडी परकी नसते, तिला बंगळूर तुलनेने सोपं जाईल. रत्नागिरीच्या बाईला तेच शहर मुकं करून टाकू शकतं. पुण्यात हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रं, भजनी मंडळं जवळपास प्रत्येक भागात आहेत. लेक वाकडला असो वा हडपसरला, तिच्या घराभोवती असं काय आहे ते आधी जाऊन पाहावं.

जागा पाहायला जाताना फ्लॅट पाहू नये, दिवस पाहावा. सकाळी सहाला खाली उतरून फिरायला कुठे जाता येतं? फुटपाथ आहे का, की पार्क केलेल्या दुचाकींमधून वाट काढावी लागते? भाजी, औषधं, पिठाची गिरणी, साधा फॅमिली डॉक्टर हे दहा मिनिटांच्या चालीत आहे का? वाटेत बसायला जागा आहे का? लिफ्टला जनरेटर आहे का? टँकरचं पाणी येत असेल तर उन्हाळ्यात मेंटेनन्स किती वाढतो? आणि दुपारी अकरा ते पाच, सगळे कामाला गेल्यावर, त्या सोसायटीत माणूस दिसतं का? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि वृद्ध माणसाचा बहुतेक दिवस त्या सहा तासांतच असतो. म्हणूनच दिवाळीत किंवा मे महिन्यात राहून केलेला अंदाज चुकतो. त्या दिवसांत मुलांना सुट्टी असते, नातवंडं घरी असतात, रोज कुठेतरी जाणं होतं. चाचणी घ्यायची तर जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी. शाळा सुरू, पाऊस सुरू, सगळे कामावर, अशा वेळी जे शहर आवडेल ते आवडलं असं समजावं.

पैशांबाबत थोडक्यात पण कडकपणे सांगायला हवं. सगळ्यांत जास्त पस्तावा होतो तो गावचं घर विकून आलेली सगळी रक्कम मुलाच्या मोठ्या फ्लॅटमध्ये घालण्याचा. खरेदीखतावर आपलं नाव नसेल तर त्या घरात आपण पाहुणे असतो, मुलगा कितीही चांगला असो. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये लागतं, शहरांतले अधिभार वेगळे. या स्वस्ताईमुळे माणसं सहज सही करून मोकळी होतात. 2007 च्या कायद्याच्या 23 व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण ती अट होती हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये यावर बोट ठेवलं आणि जानेवारी 2025 च्या एका निकालात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. न्यायालयावर विसंबण्यापेक्षा अट कागदावर लिहून घेणं बरं. वकिलाला तसं स्पष्ट सांगावं. त्यात मुलांवर अविश्वास नाही. चांगल्या मुलांना असा कागद आवडतोच, कारण भावंडांतले गैरसमज त्याने टळतात.

आरोग्य विम्याचंही पाहावं लागतं. बऱ्याच कंपन्या शहरांचे विभाग पाडून हप्ता ठरवतात; लहान शहराच्या दराने घेतलेल्या पॉलिसीवर महानगरात उपचार घेतले तर काही पॉलिसींत खर्चाचा ठरावीक हिस्सा आपल्याला भरावा लागतो. जुनी पॉलिसी बंद करून नवी घेऊ नये, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी नव्याने तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि ते कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं. नव्या घराजवळची कोणती रुग्णालयं त्या यादीत आहेत ते मात्र आधी तपासावं. राज्य बदललं की काही सवलती मागे राहतात. महाराष्ट्रात पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. पुण्याहून सांगलीला मनात येईल तेव्हा जाता येणं आणि बंगळूरहून रात्रभराच्या प्रवासाचं आरक्षण शोधत बसणं, यात फरक आहे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत तर मार्च 2020 पासून बंदच आहे.

ज्यांची सगळीच मुलं परदेशात आहेत त्यांच्यापुढचा पेच निराळा आहे. तिथे आपली इच्छा नंतर येते, आधी व्हिसा येतो. अमेरिकेत नागरिक झालेली आणि एकवीस वर्षांवरची मुलं आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतात आणि त्या प्रकाराला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. पण ग्रीन कार्ड म्हणजे तिथेच राहायचं. वर्षभराहून जास्त काळ परवानगीशिवाय बाहेर राहिलं तर ते जाण्याची वेळ येते. पासष्टी उलटली तरी नव्याने आलेल्यांना सरकारी मेडिकेअर विमा साधारण पाच वर्षं राहिल्याशिवाय विकतही घेता येत नाही. ज्यांना 'सहा महिने इथे, सहा महिने तिथे' हवं आहे त्यांना पाहुण्यांचा व्हिसाच सोयीचा. कॅनडाचा सुपर व्हिसा 2022 पासून एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहू देतो, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. ब्रिटनने 2012 मध्ये नियम इतके कडक केले की रोजच्या कामांसाठी दुसऱ्याची मदत लागते आणि ती मायदेशी मिळूच शकत नाही, हे सिद्ध केल्याशिवाय वृद्ध आई-वडिलांना कायमचं बोलावता येत नाही. ऑस्ट्रेलियात कमी शुल्काच्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांच्या घरात आहे. सत्तरीतल्या माणसासाठी त्याचा अर्थ सरळ नकार.

आणि व्हिसा मिळाला तरी रोजच्या दिवसाचं काय? लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. गणपती, दिवाळी तिथे हौसेने होते. पण अमेरिकी उपनगरात गाडी चालवता न येणाऱ्या आई-वडिलांना मराठी माणूस भेटायचा तर मुलाचा शनिवार मोकळा असावा लागतो. कडाक्याच्या थंडीत खिडकीशी बसून राहिलेल्या आजी-आजोबांविषयी मी जितकं ऐकलं आहे, त्यावरून मला वाटतं की बहुतेकांनी तिथे पाहुणे म्हणून भरभरून राहावं आणि घर भारतातच ठेवावं. मात्र ते घर जिथे आहे तिथेच ठेवायला हवं असं नाही. भाचा, पुतणी, धाकटी बहीण, तीस वर्षांचे मित्र, यांपैकी कोण पायी येऊ शकेल ते पाहावं आणि त्याच्याजवळ जावं. जवळ यायला ते आपलंच मूल असावं लागत नाही. पुण्यात अथश्रीसारख्या ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या वसाहती आहेत. मुलं दूर असलेल्यांनी त्या आधीपासून पाहून ठेवाव्यात, त्याही चालता-फिरता असताना.

सांगलीच्या त्या जोडप्याने काय करावं? माझ्या हिशेबाने वाकड. कारणं: भाषा, एसटी, लेकीचं स्वतःचं घर आणि नातीची शाळा. बंगळूरच्या मुलाकडे वर्षातून एक-दोनदा निवांत जावं. वाकडलाही लगेच घर घेऊ नये. लेकीच्या घराजवळ अकरा महिन्यांच्या करारावर वन बीएचके भाड्याने घ्यावा, करार रीतसर नोंदवावा, आणि सांगलीचं घर कुलूप लावून किंवा ओळखीच्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवावं. निवृत्तिवेतनासाठी गावच्या बँकेत खेपा घालाव्या लागतील ही भीती आता फारशी उरलेली नाही. हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण'मुळे कुठूनही देता येतो आणि भविष्य निर्वाह निधीचं निवृत्तिवेतन जानेवारी 2025 पासून देशातल्या कोणत्याही बँकेत, कोणत्याही शाखेत मिळतं. आधारवरचा पत्ता आणि मतदार यादीतलं नाव मुक्काम पक्का झाल्यावर बदलावं.

एक पावसाळा आणि एक दिवाळी तिथे काढल्यावर दोघांनी वेगवेगळं उत्तर लिहावं आणि मग एकमेकांना दाखवावं. दोघांचंही 'राहू' असेल तरच सांगलीच्या घराचा विचार करावा. आयकराचा नियमही घाई करायला लावत नाही. जुनं घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर वाचवायचा तर भारतात नवं राहतं घर विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत घेता येतं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवता येतात. म्हणजे आधी भाड्याने राहून पाहायचं, मग विकायचं, आणि त्याच गल्लीत आपल्या नावावर मनासारखं घर मिळेपर्यंत थांबायचं, एवढी सवड कायद्यानेच दिलेली आहे.